नेसरी पाठ, उमराणी विस्मृतीत: संगणकाच्या पडद्यावरचा मराठा घोडा

१/
ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत रात्रीची जेवणे आटोपली की अनेक घरांतून मराठ्यांच्या स्वाऱ्या निघतात. ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मराठा सत्ता निवडायची, पायदळ मध्यभागी उभे करायचे, तोफा टेकडीवर चढवायच्या आणि घोडदळ झाडीमागे दडवून ठेवायचे. शत्रू पायदळाशी भिडला की घोडा त्याच्या पिछाडीवर सोडायचा. काही मिनिटांत शत्रूची फळी फुटते. खेळाडू म्हणतो, ‘हाच गनिमी कावा!’

हा गनिमी कावा नव्हे. तो का नव्हे, हे सांगणारा हा थ्रेड.

२/
प्रथम खेळाचे श्रेय खेळाला. २००९ साली आलेल्या या खेळात १७०० पासूनचे जग मांडलेले आहे आणि त्यात मराठा सत्ता खेळाडूला स्वतः चालवता येते. जगभरच्या मुलांनी सातारा नकाशावर शोधावा, ही लहान गोष्ट नाही. त्याआधी २००७ मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स ३’च्या आशियाई आवृत्तीत भारतीय ‘सोवार’ आला, तोही उंटावर बसून! ‘स्वार’ हा शब्द घेतला आणि घोडा तेवढा विसरला. त्या मानाने ‘एम्पायर’ने बरेच बरे केले.

३/
आक्षेप आहे तो खेळाने शिकवलेल्या धड्यावर. समोरून पायदळाने रोखायचे आणि बगलेतून वा पाठीमागून घोडदळाने चेचायचे, या डावाला ऐरण आणि घणाची उपमा देतात. इ.स.पू. ३३१ मध्ये गौगामेला येथे अलेक्झांडरने निवडक घोडदळाची निर्णायक धडक दिली. १६८३ मध्ये व्हिएन्नाच्या वेढ्यात पोलंडच्या भालाईत स्वारांनी डोंगरउतारावरून तुर्कांवर झेप घेतली. दोन्ही घटना खऱ्या आहेत. मात्र तो घोडा त्या भूमीचा, त्या शस्त्रांचा आणि त्या युद्धशास्त्राचा होता.

४/
मराठा घोड्याचे मुख्य शस्त्र धडक हे नव्हते. शत्रूचे पाणी, दाणा, वैरण आणि वाट तोडणे हे त्याचे शस्त्र होते. खेळात नेमके हेच दाखवता येत नाही, कारण खेळातल्या घोड्याला पोटच नाही. ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये तबेल्यात ८० अन्न मोजले की टेहळणीचा स्वार तयार होतो. त्यानंतर तो आणि त्याचा घोडा जन्मभर काही खात नाहीत, काही पीत नाहीत. ‘टोटल वॉर’मधला घोडा दमतो, पण रणांगणावर तहानेने कधी मरत नाही.

५/
खरा घोडा काय मागतो? काम करणाऱ्या घोड्याला दिवसाला साधारण २५ ते ४० लिटर पाणी लागते. सरासरी ३० लिटर धरली, तरी १० हजार घोड्यांच्या फौजेला रोज ३ लाख लिटर पाणी हवे.

कल्याण-डोंबिवलीच्या रहिवाशांना पाण्याचा टँकर समजावून सांगावा लागत नाही. १० हजार लिटरचे ३० टँकर, रोज, उन्हाळ्यात, देशावर, आणि तेही शत्रू वाटेत उभा असताना! स्वार, चाकर, बैल आणि हत्ती यांची तहान यात धरलेली नाही.

६/
हा हिशेब शिवकाळातील फौजेला पक्का ठाऊक होता. सभासदाच्या बखरीत पागेची रचना दिली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुम्ल्यांवर एक हजारी. ही उतरंड शाळेत पाठ होते. त्याच वर्णनातली दुसरी गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही: दर २५ घोड्यांमागे एक पखाली आणि एक नालबंद. पखाली पाणी वाहणार, नालबंद खूर सांभाळणार. खेळातल्या सैन्याच्या यादीत या दोघांना जागा नाही.

७/
आता उमराणी. आजच्या सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यातले हे गाव. एप्रिल १६७३. आदिलशाही सरदार बहलोलखान स्वराज्यावर चालून येत होता. सरनौबत प्रतापराव गुजर यांनी त्याला उमराणीजवळ गाठले. पठाणांची फौज समोरासमोरच्या लढाईत कच्ची नव्हती. प्रतापरावांनी आधी पाण्याची जागा ताब्यात घेतली. ऐन उन्हाळ्यात खानाची माणसे आणि जनावरे पाण्यावाचून कोंडली गेली. लढाई झालीच, पण तिचा निकाल तलवारीआधी तहानेने लावला होता. खानाने रदबदली केली.

८/
प्रतापरावांनी खानाला वाट दिली. हे महाराजांना रुचले नाही, कारण सुटलेला खान पुन्हा येणार हे उघड होते. तो आलाच. बोल मनाला लागलेल्या प्रतापरावांनी २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत, परंपरेनुसार अवघ्या सहा साथीदारांसह, खानाच्या फौजेवर घोडा घातला. सातही जण पडले. स्वराज्याने आपला सरनौबत गमावला.

९/
एकाच सेनापतीच्या, एकाच शत्रूविरुद्धच्या, वर्षाच्या आत घडलेल्या या दोन घटना आहेत. उमराणीत त्याने शत्रूला पाण्यासाठी गुडघे टेकायला लावले. नेसरीत त्याने बिनीचा घोडा शत्रूच्या गर्दीत झोकून दिला. पहिलीत युद्धशास्त्र आहे, दुसरीत एका मानी माणसाची शोकांतिका.

महाराष्ट्राने गाणे रचले ते नेसरीवर, आणि त्या हौतात्म्यापुढे मान लवली तर त्यात गैर काहीच नाही. गैर इतकेच, की शोकांतिकेलाच युद्धपद्धती समजले गेले.

१०/
नेसरीनंतर काय घडले, हे तर आणखी कमी सांगितले जाते. आनंदरावांनी विस्कटलेली फौज सावरली आणि ती थेट कर्नाटकात बहलोलखानाच्या जहागिरीत घुसवली. संपगावची पेठ लुटली गेली. शत्रूची फौज जिथे उभी आहे तिथे धडकण्याऐवजी ती जिच्यावर पोसली जाते ती जागा गाठायची, हा त्यामागचा विचार होता. हीच उमराणीची परंपरा. संपगावावर गाणे नाही, चित्रपट नाही, आणि संगणकावर त्याची लढाईही नाही.

११/
थ्रेडचा मुख्य मुद्दा हाच. संगणकाचा खेळ नेसरीला बक्षीस देतो आणि उमराणी खेळूच देत नाही. घोडा शत्रूवर घातला की खेळाडूला धडकेचे जादा गुण मिळतात, शत्रूचे मनोधैर्य खचते, विजय पदरात पडतो. तळ्याकाठी घोडा उभा करून शत्रूची तहान वाढण्याची वाट पाहिली, तर काहीच घडत नाही. हजारो तास असा खेळ खेळलेला तरुण इतिहासाचे पुस्तक उघडतो, तेव्हा त्याला धडक दिसते आणि तळे दिसत नाही.

१२/
उमराणी हा अपवाद होता, असे कोणी म्हणेल. मग पालखेड पाहावे. १७२७ च्या पावसाळ्यानंतर पहिल्या बाजीरावांनी निजामाविरुद्ध मोहीम उघडली. जालन्याचा मुलूख, बऱ्हाणपूरची हूल, मग गुजरात. निजाम पाठलाग करून थकला आणि पुणे प्रांतात शिरला. राजधानीचा मुलूख वाचवायला बाजीराव धावत येईल, अशी त्याची अटकळ होती. बाजीराव आले, पण पुण्याला नव्हे. त्यांनी रोख धरला निजामाच्या औरंगाबादेकडे.

१३/
निजाम घाईने माघारी वळला. वेग साधण्यासाठी जड तोफखाना त्याला मागे ठेवावा लागला. म्हणजे ज्या शस्त्रात तो वरचढ होता, तेच त्याने स्वतःच्या हाताने टाकले. फेब्रुवारी १७२८ च्या अखेरीस वैजापूरजवळच्या पालखेडला तो घेरला गेला. दाणा नाही, वैरण नाही, पाणी नाही. ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. दुसऱ्या महायुद्धातले सेनापती मॉन्टगोमेरी यांनी आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेचा गौरव केला आहे, आणि तिच्यात ऐरण-घणाची एकही मोठी लढाई नाही.

१४/
पुढचे उदाहरण इंग्रजांचे. १७७८ च्या अखेरीस मुंबईकरांची फौज राघोबादादांना घेऊन पुण्यावर निघाली. माणसे सुमारे चार हजार, आणि सामान ओढायला सुमारे १९ हजार बैल. घाट चढेपर्यंत ती गोगलगायीसारखी सरकत राहिली. मराठ्यांनी मोठी लढाई दिली नाही, वाटेतली वैरण तेवढी जाळली. ९ जानेवारी १७७९ रोजी इंग्रज तळेगावला पोचले तेव्हा गाव ओस पडलेले होते. परतताना वडगावला कोंडी झाली आणि त्यांना मानहानीचा करार करावा लागला.

१५/
मग पानिपत का हरले? या प्रश्नावर तरुण मंडळी आठ-आठ तास वाद घालतात. कोणी हुजुरातीचा घोडा आधी सुटायला हवा होता म्हणतो, कोणी गारद्यांचा गोल मोडला म्हणतो. हा सगळा वाद १४ जानेवारी १७६१ या एका दिवसाभोवती फिरतो, कारण खेळातही लढाई एका दिवसाचीच असते. प्रत्यक्षात पानिपतची लढाई नोव्हेंबर १७६० पासून चालू होती, आणि ती रसदेची लढाई होती.

१६/
अब्दालीची रसद तोडण्याचे काम गोविंदपंत बुंदेले करीत होते. डिसेंबर १७६० मध्ये अफगाण स्वारांनी त्यांना अचानक गाठून ठार केले. त्यानंतर मराठ्यांच्या छावणीकडे येणाऱ्या वाटा एकेक करून बंद झाल्या. सैन्य, बुणगे, यात्रेकरू, बायकामुले आणि हजारो जनावरे त्या तळावर अडकून पडली. लढाईच्या दिवशी जो घोडा मैदानात उतरला, तो कित्येक आठवडे अर्धपोटी होता. पानिपतात मराठ्यांना त्यांच्याच विद्येने हरवले. तिथे उमराणी घडली, फक्त तळ्याकाठी उभा असलेला पक्ष दुसरा होता.

१७/
खेळात पानिपत मांडले की दोन्ही बाजूंचे घोडे टवटवीत निघतात. सदाशिवरावभाऊंची जागा घेतलेला खेळाडू बगलेवरून धडक देतो, जिंकतो आणि ‘भाऊंना हे का सुचले नाही’ असे विचारतो. उत्तर साधे आहे. खेळाडूचा घोडा जेवलेला होता, भाऊंचा उपाशी होता. ही माहिती नसताना सेनापतीला मूर्ख ठरवणे, ही इतिहासावर केलेली अन्यायाची धडक आहे.

१८/
‘खेळ तो खेळ, त्याला एवढे काय लावून धरायचे?’ हा नेहमीचा बचाव. तो टिकत नाही, कारण खेळणारेच तो मानत नाहीत. पानिपतच्या वादात खेळातल्या लढाईचे दाखले पुराव्यासारखे दिले जातात. शिवाय रसद दाखवणे अशक्य आहे, असेही नाही. ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’मध्ये प्रत्येक प्रांताला किती सैन्य पोसता येईल याची मर्यादा असते, आणि ती ओलांडली की सैन्याची झीज होते. म्हणजे विद्या आहे, फक्त धडकेइतकी ती देखणी दिसत नाही.

१९/
दुसरा बचाव अधिक वजनदार आहे. ‘एम्पायर’मध्ये शत्रूचे मळे, बंदरे, गावे लुटता येतात, मग तो गनिमी कावाच नव्हे काय? अंशतः होय. पण त्या लुटीने शत्रूचे उत्पन्न घटते, मैदानातली त्याची फौज उपाशी राहत नाही. आणि त्याहून मोठी उणीव अशी, की लुटलेल्या गावात माणूसच नसतो. बटण दाबले, धूर निघाला, आकडा बदलला. वैरण जळते तेव्हा ती कोणाची तरी असते, हे खेळ सांगत नाही.

२०/
शिवाजी महाराजांना ते ठाऊक होते. चिपळूणजवळच्या दळवटणे येथील पागेच्या छावणीला त्यांनी १६७० च्या दशकात पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळाभर पुरेल अशा बेताने दाणा-वैरण वापरा, नाहीतर घोडी मरतील. रयतेकडून भाजीपाला, लाकूड, गवत फुकट उचलू नका. दिव्याच्या वातीने गंजी पेटू देऊ नका, असा त्याचा आशय. एका छत्रपतीने गवताच्या गंजीवर एवढी शाई खर्च केली. घोडदळ चालवणे म्हणजे काय, हे त्या एका पत्रातून जितके कळते तितके शंभर धडकांतून कळत नाही.

२१/
आणि ही शिस्त सुटली तेव्हा काय झाले, तेही सांगितले पाहिजे. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालात गेल्या. तिथल्या अंगाईगीतात ‘बर्गी’ म्हणजे बारगीर आजही मुलांना भिववायला येतो. ज्या घोड्याचा महाराष्ट्राला अभिमान, त्याच घोड्याची तिथे धास्ती. रसद तोडणारे युद्ध शेतकऱ्याच्या अंगणातून जाते. अभिमान बाळगायचा असेल, तर त्याची ही किंमतही माहीत असावी.

२२/
घोडा कुठे वापरू नये, हे समजणे हेही घोडदळाचे शास्त्रच. त्यासाठी ठाणेकरांना लांब जायला नको. मार्च १७३७ च्या अखेरीस मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे घेतले, तेव्हा मधे खाडी होती. पोर्तुगीजांचा नवा किल्ला अजून अपुरा होता, आणि मराठ्यांनी ती वेळ साधून होड्यांतून पलीकडे उतरून तो घेतला. त्याच किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. पुढे मे १७३९ मध्ये वसई पडली ती सुरुंग, शिड्या आणि पायदळाच्या बळावर. देशावर दौडणारा घोडा इथे दुय्यम ठरला, आणि चिमाजी आप्पांनी त्याचा हट्ट धरला नाही.

२३/
कल्याणचा धडा आणखी जुना. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली. हा उत्तर कोकणचा मुलूख परत मिळवायला शाहिस्तेखानाने कारतलबखानाला घाटाखाली पाठवले. २ फेब्रुवारी १६६१ रोजी तो उंबरखिंडीत अडकला. पुढे वाट बंद, मागे वाट बंद, दोन्ही अंगांना रान आणि डोंगर. परमानंदाच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग तपशिलाने आला आहे. खानाच्या फौजेत घोडे भरपूर होते, पण त्या अरुंद वाटेवर घोडा वळवायलाही जागा नव्हती. अखेर खंडणी देऊन आणि सामान टाकून त्याला जावे लागले.

२४/
उंबरखिंड खोपोलीजवळ आहे. ठाणे, डोंबिवली, कल्याण या स्थानकांवरून रोज खोपोली लोकल सुटते. ज्या तरुणाने संगणकावर शेकडो लढाया जिंकल्या आहेत, त्याने एकदा ती लोकल पकडावी आणि त्या ओढ्याच्या पात्रात उभे राहून आजूबाजूला पाहावे. खिंड ही नकाशावरची रेघ नसते, हे पायांना कळते. मार्च-एप्रिलच्या उन्हात गेले तर उमराणीचा अर्थही कळेल, फक्त पाण्याची बाटली जवळ असावी.

२५/
खेळ सोडावा असे येथे कोणी म्हणत नाही. तो अधिक मराठा पद्धतीने खेळता येतो. ‘एज ऑफ एम्पायर्स २’मध्ये कसलेला खेळाडू हलके स्वार शत्रूच्या सैन्यावर घालत नाही. तो ते लाकूडतोड्यांवर, शेतांवर, खाणीवर पाठवतो आणि सैन्य धावून आले की पळून जातो. शत्रूची माणसे मेली नाहीत तरी चालते, त्यांचे काम थांबले की पुरते. गनिमी काव्याच्या सर्वांत जवळ जाणारी खेळी हीच आहे, आणि ती ऐरण-घणापेक्षा कठीण आहे.

२६/
‘टोटल वॉर’च्या मैदानावरही काही नियम खेळाडूने स्वतःवर घालून घ्यावेत:
• संगिनी रोखलेल्या, रांगेत उभ्या पायदळावर समोरून घोडा घालू नये.
• पहिले लक्ष्य तोफा आणि एकटे पडलेले पथक.
• निम्मा घोडा शेवटपर्यंत राखीव ठेवावा.
• शत्रूला चढावर धावायला लावून आधी दमवावे.
• पळणाऱ्या शत्रूच्या मागे सगळा घोडा एकदम सोडू नये.
• मोहिमेच्या नकाशावर, लढाई देण्याआधी शत्रूचे मळे आणि बंदरे गाठावीत.

२७/
या नियमांनी खेळ संथ होईल. विजय उशिरा मिळेल, पडद्यावर धूळ कमी उडेल. पण मराठ्यांचा घोडा असाच जिंकत असे. वीस-तीस कोस दौडून शत्रूच्या आधी पाण्यावर पोचायचे, मग थांबायचे. थांबण्याला धडकेपेक्षा जास्त धैर्य लागते, कारण थांबलेल्याचे पोवाडे कोणी गात नाही.

२८/
नेसरीच्या सात वीरांना मुजरा जरूर करावा. त्यानंतर एक क्षण उमराणीच्या तळ्याकाठी थांबावे. दर २५ घोड्यांमागे खांद्यावर पखाल घेऊन चालणारा तो अनामिक माणूस तिथे भेटेल. त्याचे नाव कोणत्याही बखरीत नाही, कोणत्याही खेळात तो निवडता येत नाही. सरनौबतांचा घोडा मात्र त्याने वाहून आणलेल्या पाण्यावर दौडत होता.

(थ्रेड समाप्त)